एक जाळे, अनेक कंपन्या : मेक्सिकोच्या 'रेद कोम्पार्तिदा'ची वाटचाल

डिसेंबर १९९० मध्ये मेक्सिको सरकारने 'टेलमेक्स' ही आपली दूरध्वनी कंपनी खासगी हातांत दिली. कार्लोस स्लिम यांचा कार्सो समूह, अमेरिकेची साउथवेस्टर्न बेल आणि फ्रान्स टेलिकॉम यांच्या गटाने ती घेतली. कंपनीचे विभाजन झाले नाही. लांब पल्ल्याच्या सेवेवरचा तिचा एकाधिकारही आणखी काही वर्षे शाबूत राहिला. परिणामी सरकारची मक्तेदारी जशीच्या तशी एका उद्योगसमूहाकडे गेली. पुढे मोबाईलचा जमाना आला आणि त्याच समूहातली टेलसेल देशभर पसरली. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने २०१२ च्या आरंभी मेक्सिकोच्या दूरसंचार क्षेत्रावर अहवाल प्रसिद्ध केला, तेव्हा लँडलाइनचा सुमारे ८० टक्के आणि मोबाईलचा सुमारे ७० टक्के बाजार या एकाच समूहाच्या ताब्यात होता. स्पर्धेच्या अभावामुळे २००५ ते २००९ या काळात देशाचे १२९ अब्ज डॉलरचे नुकसान झाले, म्हणजे दरवर्षी राष्ट्रीय उत्पन्नाच्या १.८ टक्के, असा त्या अहवालाचा हिशोब होता. स्लिम यांच्या कंपन्यांनी तो फेटाळला. दरमहा बिल भरणाऱ्यांना मात्र तो पटवून सांगावा लागला नाही.

नियामक अस्तित्वात होता. 'कोफेटेल' हा आयोग १९९६ मध्ये स्थापन झाला होता. पण त्याचा निर्णय बाहेर पडला की संबंधित कंपनी 'अम्पारो' नावाच्या घटनात्मक संरक्षणाखाली न्यायालयात धाव घेई आणि स्थगिती मिळवी. खटला वर्षानुवर्षे चाले, तोवर जुनेच दर लागू राहत. नव्या कंपनीला बाजारात उतरायचे तर स्वतःचे टॉवर उभारावे लागत, लहरींचे परवाने घ्यावे लागत आणि वर प्रतिस्पर्ध्याच्याच जाळ्याशी जोडणीसाठी त्याच्या दारात उभे राहावे लागे. इतके भांडवल आणि इतका धीर फार थोड्यांकडे होता.

या व्यवस्थेत सर्वांत मागे पडली ती डोंगराळ भागातली खेडी. ओआहाका राज्याच्या उत्तर सिएरा पर्वतरांगेतल्या विया तालेआ दे कास्त्रो या गावाने मोबाईल सेवेची वारंवार मागणी केली; एवढ्या कमी वस्तीत सेवा देणे परवडत नाही, हेच उत्तर मिळत राहिले. अखेर २०१३ मध्ये गावाने 'रिझोमॅटिका' या संस्थेच्या मदतीने स्वतःचे छोटे मोबाईल जाळे उभारले आणि ते ग्रामसभेच्या देखरेखीखाली चालवले. हे जाळे सरकारी योजनेचा भाग नव्हते. तरीही या वाटचालीत त्याची नोंद पहिल्या पानांवरच व्हायला हवी. लोक पैसे मोजायला तयार आहेत, अडलेले आहे ते केवळ जाळ्यापाशी, हे तालेआने कोणत्याही अहवालापेक्षा स्पष्टपणे दाखवले. २०१६ मध्ये याच चळवळीतल्या आदिवासी सामुदायिक दूरसंचार संघटनेला पाच राज्यांसाठी सामाजिक परवाना मिळाला.

राजकीय पातळीवर कोंडी फुटली ती २ डिसेंबर २०१२ रोजी. एन्रिके पेन्या निएतो यांनी राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतल्याच्या दुसऱ्याच दिवशी देशातल्या तीन प्रमुख पक्षांनी 'पाक्तो पोर मेहिको' या करारावर सह्या केल्या. एरवी एकमेकांशी कडवे वैर असलेल्या या पक्षांनी मान्य केलेल्या कलमांत दूरसंचार सुधारणा होती, आणि त्या सुधारणेत एक अगदी नेमकी कल्पना मांडली होती. ७०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातले ९० मेगाहर्ट्झ एकत्र ठेवून राज्याने एक सामायिक घाऊक जाळे उभे करावे, अशी ती कल्पना. तिला पुढे 'रेद कोम्पार्तिदा' हे नाव मिळाले.

११ जून २०१३ रोजी घटनादुरुस्ती राजपत्रात प्रसिद्ध झाली. तिच्या सोळाव्या संक्रमणकालीन कलमाने या जाळ्याची जडणघडण ठरवून दिली. जाळे कोणाही एका सेवादात्याच्या प्रभावाखाली चालणार नाही. त्यावरची क्षमता आणि सेवा सर्वांना भेदभावाविना, सुट्या भागांत आणि स्पर्धात्मक दराने विकली जाईल. नफा जाळ्याच्या सुधारणेत आणि विस्तारात पुन्हा घातला जाईल. २०१८ संपण्यापूर्वी जाळे सुरू झालेले असेल. एका मोबाईल जाळ्याच्या कामाची मुदत थेट देशाच्या घटनेत लिहिली जावी, अशी उदाहरणे जगात क्वचितच सापडतील. पुढच्या पडत्या काळात हे जाळे टिकले, त्यामागे या घटनात्मक पायाचा वाटा मोठा आहे.

त्याच दुरुस्तीतून १० सप्टेंबर २०१३ रोजी फेडरल दूरसंचार संस्था, म्हणजे आयएफटी, आकाराला आली. गाब्रिएल कोन्त्रेरास साल्दिवार तिचे पहिले अध्यक्ष. न्यायालयीन स्थगितीने तिचे निर्णय रोखता येणार नाहीत, ही तरतूद निर्णायक ठरली. मार्च २०१४ मध्ये संस्थेने स्लिम यांच्या अमेरिका मोव्हिल समूहाला 'वर्चस्वशाली' घोषित करून त्याच्यावर विशेष बंधने घातली. जुलै २०१४ मध्ये नवा दूरसंचार कायदा आला आणि १ जानेवारी २०१५ पासून देशांतर्गत लांब पल्ल्याच्या कॉलचे वेगळे शुल्क रद्द झाले. त्याच वर्षी अमेरिकेच्या एटी अँड टीने इयुसासेल आणि नेक्स्टेल मेक्सिको या दोन कंपन्या विकत घेतल्या. बाजारात प्रथमच दुसरा दमदार स्पर्धक उभा राहिला. बाजार खुला होण्याचे सगळे श्रेय सामायिक जाळ्याला देणे इतिहासाला धरून होणार नाही. नियामकाने बांध घातला, नव्या भांडवलाने जोर लावला आणि ज्यांच्यापाशी यांतले काहीच नव्हते त्यांच्यासाठी रेद कोम्पार्तिदाने वाट करून दिली.

पण त्यासाठी आधी लहरी मोकळ्या व्हायला हव्या होत्या. ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा म्हणजे जुन्या ॲनालॉग दूरचित्रवाणीच्या ५२ ते ६९ क्रमांकाच्या वाहिन्या. कमी कंप्रतेच्या या लहरी दूरवर पोहोचतात आणि भिंतींतूनही बऱ्यापैकी आत शिरतात, त्यामुळे विरळ वस्तीत कमी टॉवरांत काम भागते. या पट्ट्यासाठी मेक्सिकोने २०१२ मध्येच आशिया-पॅसिफिक आराखडा निवडला होता. शेजारच्या अमेरिकेचा आराखडा वेगळा असतानाही घेतलेला हा निर्णय दूरदृष्टीचा ठरला, कारण ९० मेगाहर्ट्झचा सलग वापर त्यामुळेच शक्य झाला. (भारतात २०२२ च्या लिलावात रिलायन्स जिओने घेतलेला ७०० मेगाहर्ट्झचा पट्टाही याच आराखड्यातला आहे.) ॲनालॉग प्रक्षेपण बंद करण्याची सुरुवात २०१३ मध्ये तिहुआना शहरापासून झाली. गरीब कुटुंबांचे टीव्ही काळे पडू नयेत म्हणून सरकारने सुमारे १ कोटी डिजिटल टीव्ही संच वाटले. त्यावर राजकीय टीका बरीच झाली, तरी ३१ डिसेंबर २०१५ पर्यंत देशातल्या मोठ्या वाहिन्यांचे ॲनालॉग प्रक्षेपण थांबले.

जानेवारी २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय निविदा निघाली. निकष लक्षवेधी होता. सरकारला जास्त पैसे देणाऱ्याऐवजी जास्त लोकसंख्येपर्यंत पोहोचण्याची हमी देणारा जिंकणार होता. किमान अट ८५ टक्के लोकसंख्येची होती. स्पेक्ट्रमच्या लिलावात सरकारी तिजोरी भरणे हेच यश मानण्याची सवय असलेल्या जगात मेक्सिकोने मोजमापच बदलले. दळणवळण खात्याच्या उपसचिव मोनिका आस्पे आणि त्यांचे सहकारी यांनी ही गुंतागुंतीची प्रक्रिया धीराने पार पाडली. दोन गट रिंगणात होते. त्यांपैकी रिवादा नेटवर्क्सच्या गटाने बोलीची हमीरक्कम सादर न केल्याने तो बाद ठरला आणि प्रकरण दीर्घकाळ न्यायालयात राहिले. १७ नोव्हेंबर २०१६ रोजी 'अल्तान' गटाची निवड जाहीर झाली. त्याची बोली होती ९२.२ टक्के लोकसंख्येची.

जानेवारी २०१७ मध्ये २० वर्षांच्या सार्वजनिक-खासगी भागीदारीचा करार झाला. सरकारच्या बाजूने 'प्रोमटेल' या संस्थेने लहरी दिल्या. उभारणी, भांडवल आणि जोखीम अल्तानची. संपूर्ण प्रकल्पाची गुंतवणूक सुमारे ७ अब्ज डॉलर असेल, असा त्या वेळचा अंदाज होता. मॉर्गन स्टॅनलीचा पायाभूत सुविधा निधी, चीन-मेक्सिको निधी, जागतिक बँक समूहातले आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळ यांसारख्या गुंतवणूकदारांसोबत मेक्सिकोच्या विकास बँकांनीही कर्जे दिली. यंत्रसामग्री नोकिया आणि हुवावे यांची. करारातली एक अट मुद्दाम सांगण्याजोगी आहे. विस्ताराच्या प्रत्येक टप्प्यात किमान १५ टक्के लोकसंख्या १०,००० पेक्षा लहान वस्त्यांतली असलीच पाहिजे, असे बंधन होते. आधी मोठी शहरे उरकून खेड्यांचे पुढे बघू, ही नेहमीची पळवाट या एका अटीने बंद केली.

मार्च २०१८ मध्ये, ठरलेल्या मुदतीच्या आत, देशाच्या ३० टक्क्यांहून अधिक लोकसंख्येसाठी जाळे सुरू झाले. घटनेने दिलेली मुदत पाळली गेली होती.

हे जाळे चालते कसे, ते जवळून पाहण्यासारखे आहे. रस्ता एकाने बांधावा आणि गाड्या अनेकांच्या धावाव्यात, अशी त्याची मांडणी आहे. मूळ करारानुसार अल्तान लोकांना सिमकार्ड विकत नाही. ते घाऊक क्षमता विकते आणि ती घेणारे आपापल्या नावाने ग्राहकांपर्यंत जातात. कोणी केबल कंपनी असते, कोणी दुकानांची साखळी, तर कोणी सहकारी संस्था. टॉवर किंवा लहरींचा परवाना यांपैकी काहीही नसलेल्याला मोबाईल कंपनी काढता येते. तार टाकणे परवडत नाही अशा घरांसाठी विजेच्या प्लगला जोडायचा मोडेम मिळतो आणि त्याच लहरींवर घरभर वायफाय चालते.

सुरुवातीची एक अडचण मात्र फार त्रासदायक ठरली. जाळे संपूर्णपणे फोरजीचे असल्याने टूजी आणि थ्रीजीचा आधार नव्हता. साधा फोन कॉलही डेटावरूनच जाणार होता. त्यासाठी हँडसेट ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा पकडणारा असावा लागे आणि त्यात डेटावरून बोलण्याची सोयही असावी लागे. २०१८ मध्ये सामान्य मेक्सिकन माणसाच्या खिशातल्या अनेक फोनांत यांपैकी काही ना काही नव्हते. त्यामुळे नवे सिम घेण्यापूर्वी गिऱ्हाईकाला आधी फोनवर *#०६# दाबायला सांगितले जाई. पडद्यावर उमटलेला पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक कंपनीच्या यादीत तपासायचा आणि 'चालेल' असे उत्तर आले तरच सिम द्यायचे. कितीतरी गिऱ्हाइके या पायरीवरून परत गेली. नवे फोन बाजारात येत गेले, यादी लांबत गेली आणि ही अडचण हळूहळू मागे पडली. पण त्या पहिल्या दोन-तीन वर्षांत काउंटरवर उभे राहून हे तपासत बसलेल्या विक्रेत्यांचे कष्ट या जाळ्याच्या वाटचालीत मोलाचे आहेत.

खरी कसोटी पुढे होती. घाऊक जाळ्याला मोठे घाऊक गिऱ्हाईक लागते. टेलसेल आणि एटी अँड टी यांची स्वतःची जाळी होती. उरली होती मोव्हिस्टार ही मोबाईल कंपनी. नोव्हेंबर २०१९ मध्ये तिने आपले जाळे टप्प्याटप्प्याने बंद करून दुसऱ्याच्या जाळ्यावर जाण्याचा निर्णय घेतला आणि निवड केली ती एटी अँड टीची. अल्तानसाठी हा मोठा धक्का होता. दुसरीकडे किरकोळ दर घसरत होते, म्हणजे सुधारणा यशस्वी होत होती, पण त्याच घसरणीने घाऊक विक्रीतली कमाई आटत होती. यंत्रसामग्रीचा मोठा खर्च डॉलरमध्ये आणि उत्पन्न पेसोमध्ये. २०२० मध्ये कोविडची साथ आली आणि पेसो कोसळला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये शाळा उघडता न आल्याने सरकारला कोट्यवधी विद्यार्थ्यांचे वर्ग दूरचित्रवाणीवरून घ्यावे लागले, कारण घरोघरी इंटरनेट नव्हते. ज्या वर्षी या जाळ्याची गरज सर्वाधिक स्पष्ट झाली, त्याच वर्षी ते चालवणाऱ्या कंपनीची तिजोरी रिकामी होत होती.

जुलै २०२१ मध्ये अल्तानने 'कोन्कुर्सो मेर्कान्तिल' या न्यायालयीन कर्ज-पुनर्रचनेसाठी अर्ज केला. प्रकल्प फसला, असे वृत्तपत्रांनी लिहिले. तरीही जाळे एक दिवसही बंद ठेवले गेले नाही. टॉवर चालू राहिले, नव्या छोट्या कंपन्या जोडल्या जात राहिल्या. जून २०२२ मध्ये राष्ट्राध्यक्ष आंद्रेस मानुएल लोपेस ओब्रादोर यांच्या सरकारने १६१ दशलक्ष डॉलर घालून कंपनीत ६१.५ टक्के हिस्सा घेण्याचे जाहीर केले. धनको, गुंतवणूकदार आणि पुरवठादार यांनी कर्जांची फेरमांडणी मान्य केली आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये कंपनी प्रक्रियेतून बाहेर पडली. ९२.२ टक्क्यांचे लक्ष्य गाठण्याची मुदत २०२८ पर्यंत वाढवण्यात आली. कार्लोस लेर्मा कोतेरा यांच्याकडे सूत्रे आली. पेन्या निएतो यांच्या बहुतेक सुधारणांवर कठोर टीका करणाऱ्या सरकारने त्यांच्याच काळातले हे जाळे वाचवले, यावरून त्याचे महत्त्व पक्षभेदांपलीकडे किती मान्य झाले होते ते कळते. खासगी भागीदारीचा मूळ हिशोब चुकला, हे मात्र स्वीकारावेच लागते.

त्याआधीच, ऑगस्ट २०१९ मध्ये, सरकारी वीज कंपनीची 'सर्वांसाठी इंटरनेट' ही उपकंपनी स्थापन झाली होती. खासगी कंपन्या जिथे पोहोचत नाहीत तिथे सेवा नेणे हे तिचे काम, आणि त्यासाठी ती अल्तानच्या जाळ्याचा आधार घेते.

मोठे गिऱ्हाईक अखेर आले ते अनपेक्षित दिशेने, किराणा बाजारातून. वॉलमार्टच्या बोदेगा आउरेरा या स्वस्त दुकानांच्या साखळीने रेद कोम्पार्तिदावर 'बाइट' ही मोबाईल सेवा सुरू केली. डाळ, तेल, साबण घेताना पावतीवर मोबाईल डेटा बक्षीस मिळू लागला, आणि महिन्याच्या बेरजेत पै-पै मोजणाऱ्या कुटुंबांत ही सेवा झपाट्याने पसरली. २०२३ अखेरपर्यंत तिच्या जोडण्या १ कोटीपलीकडे गेल्या होत्या. इझी ही केबल कंपनीही याच जाळ्यावरून मोबाईल सेवेत उतरली. अल्तानच्या घाऊक ग्राहकांची संख्या शंभरावर गेली. रेद कोम्पार्तिदा सुरू झाले तेव्हा स्वतःचे जाळे नसलेल्या कंपन्यांचा मोबाईल बाजारातला वाटा नगण्य होता, तो २०२३ पर्यंत १० टक्क्यांच्या वर पोहोचला.

आकड्यांत लहान, पण या वाटचालीतला सर्वांत अभिमानास्पद टप्पा प्वेब्ला राज्यातल्या कुएत्सालान परिसरातला आहे. तिथे १९७७ पासून 'तोसेपान' ही नाहुआ आणि तोतोनाक शेतकऱ्यांची सहकारी संस्था काम करते. कॉफी, ऑलस्पाइस मिरी आणि नांगी नसलेल्या मधमाश्यांचा मध हे तिचे व्यवसाय. पतसंस्था आणि शाळाही तिने उभ्या केल्या. या सहकारी परिवाराने रेद कोम्पार्तिदावर 'विकी कातात' ही मोबाईल सेवा सुरू केली. आदिवासी समाजाच्या मालकीची आणि अशा जाळ्यावर चालणारी ती मेक्सिकोतली पहिली सेवा मानली जाते. तालेआला स्वतःचे जाळे उभारावे लागले होते. कुएत्सालानच्या शेतकऱ्यांना तयार जाळ्यावर आपली कंपनी काढता आली. ऊस, दूध आणि पतपुरवठा यांत सहकाराने काय घडवले हे महाराष्ट्राने पाहिले आहे. दूरसंचारासारख्या भांडवलखाऊ क्षेत्रात कॉफी पिकवणाऱ्या सभासदांची संस्था सिमकार्ड विकू शकते, हे घाऊक जाळ्याच्या तत्त्वाचे सर्वांत भक्कम समर्थन आहे.

राष्ट्रीय सांख्यिकी संस्थेच्या पाहणीनुसार मेक्सिकोत इंटरनेट वापरणाऱ्यांचे प्रमाण २०१५ मध्ये ५७.४ टक्के होते, ते २०२३ मध्ये ८१.२ टक्के झाले. ग्रामीण भागात ते २०२३ मध्ये ६६ टक्क्यांवरच होते. टेलसेल आजही सर्वांत मोठी असून निम्म्याहून अधिक मोबाईल जोडण्या तिच्याकडे आहेत. काम अपुरे आहे, आणि ते कुठे अपुरे आहे हे याच आकड्यांतून दिसते.

२०२४ च्या अखेरीस झालेल्या घटनादुरुस्तीने आयएफटी ही स्वायत्त संस्था बरखास्त करण्याचे ठरले. जुलै २०२५ मध्ये नवा दूरसंचार कायदा प्रसिद्ध झाला आणि नियामकाची जबाबदारी नव्या आयोगाकडे गेली. बहुसंख्य हिस्सा सरकारचा आणि नियामकही सरकारच्या अधिक जवळचा, अशा व्यवस्थेत सर्वांना समान दराने जाळे खुले ठेवण्याची शिस्त पाळणे हे आता अल्तानचे आणि नव्या आयोगाचे काम आहे. मूळ करार २०३७ पर्यंत चालणार आहे. त्यापूर्वी २०२८ चे लक्ष्य गाठायचे आहे. त्यात उरलेल्या वस्त्या बहुतांशी लहान, डोंगराळ आणि वीज-रस्त्यांनीही अर्धवट जोडलेल्या आहेत. तिथे एकेका टॉवरमागे थोडीच माणसे असतील, आणि करारातला ९२.२ हा आकडा त्यांना मोजूनच दिलेला आहे.